तिसऱ्या माणसाचा पाव

१

त्या हिवाळ्यात आमच्या नॉयकोल्नमधली सगळी कुटुंबं स्वयंपाकघरात राहायला आली होती. रशियनांनी बर्लिनला येणारे रस्ते आणि रूळ अडवले, तेव्हापासून अमेरिकनांच्या ताब्यातल्या आमच्या बाजूला पीठ विमानातून यायचं आणि कोळसाही विमानातूनच. विमानातून आलेल्या कोळशावर दोन खोल्या कोण तापवणार? आम्ही निजायची खोली बंद केली, दाराच्या फटीत एवाल्डच्या जुन्या विजारीची गुंडाळी कोंबली, आणि मी व सासूबाई चुलीपाशी पथारी टाकून राहू लागलो.

एवाल्ड म्हणजे माझा नवरा. युद्धापासून तो रशियनांच्या कैदेत होता. निदान दोन वर्षांपूर्वी तरी होता, कारण तेव्हा त्याचं शेवटचं कार्ड आलं होतं. त्यानंतर काही नाही. आमच्या गल्लीत अशा बायका पुष्कळ होत्या. नवरा आहे का, असं विचारलं तर आम्ही 'अजून नाही आला' म्हणायचो. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरं किती ते कोणालाच माहीत नव्हतं.

छपरावरून विमानं जायची. दिवस-रात्र, एकामागून एक, इतकी खालून की फडताळातल्या बश्या थरथरायच्या. सुरुवातीला लोक वर बघून हात हलवायचे. मग सवय झाली. आवाज चालू असला की जीव थाऱ्यावर असायचा.

आमच्या गल्लीच्या टोकाचा रस्ता ओलांडला की ट्रेप्टो, म्हणजे रशियनांचं राज्य. तिकडे पाट्या लागल्या होत्या. पश्चिमेच्या, म्हणजे आमच्या बाजूच्या लोकांनी तिकडे नाव नोंदवावं, ताजे बटाटे, पाव, कोळसा घेऊन जावं. आणि इकडे ठरलं होतं की जो जाईल तो विकला गेला. खालच्या मजल्यावरच्या पोलेन्झबाई तर जिन्यात उभं राहून ऐकवायच्या, "मी वाळवलेल्या बटाट्याचा भुगा खाऊन मरेन, पण त्यांच्या दाराशी वाडगा घेऊन जाणार नाही. आपल्या इमारतीत तसलं कोणी नाही म्हणा. असतं तर मी वासावरून ओळखलं असतं."

मी मान डोलवायची. मीही त्याच मताची होते. सासूबाईंच्या छातीत कफ धरला तोपर्यंत.

"ऊब हवी आणि पोटात काहीतरी हवं," डॉक्टर म्हणाले. "औषध काय, लिहून देतो. मिळालं तर घ्या."

दुसऱ्याच दिवशी मी धुण्याची टोपली घेऊन रस्ता ओलांडला. ज्यांच्याकडे मी जुने कोट उलटे करून शिवायचं काम करत होते, त्यांना म्हणाले दात दुखतोय.

नावनोंदणीच्या खिडकीत एक तरुण कारकून बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. गिऱ्हाईक आलं की दुकानदाराचा उजळतो तसा. अमेरिकन रोज विमानं मोजून छापत होते, आणि हे नावं मोजून छापत होते. माझ्यासारख्या येतील तेवढ्या त्यांना हव्याच होत्या.

"घरात किती माणसं?"

"दोन. मी आणि सासूबाई."

"दोनच? नवरा?"

मी टोपलीतली चादर नीट करू लागले. तो पेन धरून थांबला, आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, "अहो, तिघांचं रेशन घ्या की. आम्हाला जड नाही."

"आहे," मी म्हणाले. "आजारी आहे. झोपून असतो."

"मग त्याला तर खायला हवंच," तो म्हणाला, आणि त्याने नाव विचारलं. मी एवाल्ड रेश्के असं सांगितलं. नाव सरळ बाहेर आलं.

परत येताना टोपलीच्या तळाशी कोळसा होता, त्यावर काळा, ओलसर पाव आणि वर पसरलेल्या चादरी. आमच्याकडे अमेरिकन पिठाचा पाव पांढरा असायचा, त्यामुळे हा कोणी पाहिला असता तर सांगायला काही उरलंच नसतं. जिन्यात पोलेन्झबाई भेटल्या. "धुणं आणलंत का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मला इतकी लाज वाटत होती की वर जाईपर्यंत कान तापलेले होते.

२

मग धुकं आलं. नोव्हेंबरचं धुकं आम्हाला नवं नाही, पण हे उठेचना. खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. आणि विमानं थांबली.

तो आवाज इतके महिने कानात बसला होता की तो गेल्यावर घरातले बाकीचे आवाज एकदम मोठे झाले. नळ ठिबकतोय, चुलीत कोळसा बसतोय, सासूबाईंचा श्वास घरघरतोय. लोक जिन्यात हळू बोलू लागले. विमानं आलीच नाहीत तर, असं कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की पाव कमी होतोय.

मी काप मोजून-मापून ठेवणारी बाई आहे. सकाळी कामाला जाताना पाव कापडात गुंडाळून फडताळात ठेवायची आणि दुपारी आल्यावर कापायची. एकदा वाटलं, पाव लहान दिसतोय. दुसऱ्या दिवशी कापडाची गाठ माझ्या पद्धतीची नव्हती. तिसऱ्या दिवशी सरळ दिसत होतं, चांगला जाड काप गेलेला. चुरा मात्र कुठे नव्हता. आमच्या हातून पाव कापला की चुरा सांडतोच. इथे कापड झटकल्यासारखं स्वच्छ होतं.

घरात आम्ही दोघीच. मी सासूबाईंना म्हणाले, "आई, भूक लागली तर सांगत जा ना. असं मागच्या मागे कशाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना उठून फडताळापर्यंत जाता येत नव्हतं. गरम पाण्याची वाटी मीच त्यांच्या तोंडाला लावायची. ते माझ्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

"मी नाही गं खात," त्या म्हणाल्या. रडल्याही नाहीत. आजारी म्हातारीवर चोरीचा आळ घेतला म्हणून माझी मलाच शिसारी आली.

मग उंदीर, असं मी ठरवलं. उंदीर गाठ मारत नाही, हे मला कळत होतं. पण ठरवलं.

३

एके दुपारी कामावरून लवकर परतले तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या. मी बूट काढत होते आणि माझी नजर निजायच्या खोलीच्या दाराकडे गेली. फटीत कोंबलेली विजारीची गुंडाळी जागेवर नव्हती. ती आतल्या बाजूला ओढली गेली होती. नुसतं एक टोक बाहेर राहिलं होतं.

आतून आवाज येत होता. कोणीतरी चावत होतं.

घाईघाईने खाणारा माणूस मी पाहिलाय. हे तसं नव्हतं. एक घास, मग बराच वेळ तो तोंडात घोळवणं, मग थांबणं, जणू संपलाय का ते जिभेने तपासणं. आणि परत. पोटभर जेवलेल्या माणसाला असं खाताच येणार नाही.

चोर असेल. बॉम्ब पडल्यापासून छपराला भोकं होती, तिथून कोणी बेघर उतरला असेल. मी मनाशी हे सगळं नीट मांडलं, चुलीची सळई हातात घेतली आणि दार उघडलं.

कोणी नव्हतं. आमचा पलंग होता, त्यावर दुमडलेली रजई, आणि आरशाचं कपाट. खोली इतकी गार की श्वास दिसत होता. खिडकी आतून बंद, चौथ्या मजल्यावरची. काचांवर आतून बर्फाची जाळी धरली होती. एका काचेवर मात्र चेहऱ्याएवढा गोल भाग वितळलेला होता. तिथे कोणी उभं राहून बराच वेळ बाहेर बघितलं असावं तसा. मी बघता बघता त्याच्या कडा पुन्हा पांढऱ्या होऊ लागल्या.

मी दार लावून गुंडाळी परत फटीत कोंबली. भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाज, कोणाला तरी उघडं पाहिल्यासारखी.

मागे वळले तर सासूबाई जाग्या होत्या.

"थोडा जाड कापत जा," त्या म्हणाल्या. "आणि कडेचा दे. त्याला कडेचा आवडतो."

"कोणाला, आई?"

"मला काय विचारतेस? नाव तू घातलंस."

मी त्यांना विचारलं नाही, तुम्हाला कसं कळलं. मी त्यांना फक्त पलीकडच्या पाव-कोळशाबद्दल सांगितलं होतं, कारकुनाबद्दल नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पावाचे तीन भाग करू लागले. तिसरा भाग बशीत घालून बंद दाराच्या फटीपाशी ठेवायची, फरशीवर. स्वतःला सांगायची, म्हातारीची समजूत काढतेय. बशी रिकामी व्हायची, पुसल्यासारखी. आणि खोलीतून पावलं ऐकू येऊ लागली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. पहिल्यांदा पाय ओढत. पुढे पुढे पाऊल घट्ट पडू लागलं. सासूबाई त्या आवाजावर झोपायच्या, पूर्वी आम्ही विमानांच्या आवाजावर झोपायचो तशा. त्यांचा कफही सुटत होता.

मी काही झोपत नव्हते. खाल्लेलं त्याच्या अंगी लागत चाललंय, हे मला ऐकू येत होतं. उद्या परवा आमच्या देखत दार उघडण्याएवढं बळ त्याच्यात येईल. मग कोण बाहेर येईल?

४

धुकं विरलं, विमानं सुरू झाली, आणि आता जरा बरं वाटेल म्हणते तोच पोलेन्झबाई वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"रेश्केबाई, तुमच्याकडे पुरुषमाणूस आहे."

"काहीतरीच काय!"

"माझ्या डोक्यावर चालतो तो. लाकडी तळव्यांचे बूट आहेत. तुमचे पाय मी ओळखते हो, तुम्ही मांजरासारख्या चालता. आणि म्हातारीबाई तर उठतही नाहीत." त्यांनी नाक वर करून हुंगलं. "आणि चूल सकाळपासून पेटलेली दिसते. कोळसा बरा पुरतो तुम्हाला."

"आम्ही खुर्ची जाळली."

"कुठली?"

मला खुर्ची सुचेना. त्या हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. वाईट असतं तर बरं झालं असतं.

"हे बघा, मी काही चहाडखोर नाही. पण रविवारी मतदान आहे. पलीकडचे म्हणतात मत देऊ नका, म्हणून तर आपण सगळ्यांनी मिळून जायचंय, अख्ख्या इमारतीने. त्याआधी मी आणि इमारतीतले एक-दोघे प्रत्येक बिऱ्हाडात डोकावणार आहोत. कोणी लपवलाय का, कोणी पलीकडचं खातंय का. तुमचा नवरा तिकडे कैदेत खितपत पडलाय आणि तुम्ही इथे दुसरा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "तुमच्यासाठीच सांगतेय. लोक तोंडावर थुंकतील."

त्या गेल्या. खोलीतली पावलं थांबली होती. दारापलीकडे कोणी कान देऊन उभं होतं.

पाव लपवता येतो. पेटीत, टोपलीत, पोटात. कोळसा राखेखाली झाकता येतो. पण लाकडी बुटांचा आवाज कुठे लपवणार? मी रात्रभर हाच हिशोब केला. सासूबाईंना ऊब हवी, म्हणजे पलीकडचं रेशन हवं. गल्लीत राहायचं, म्हणजे पावलं नकोत. एका बाजूला दोन जिवंत बायका होत्या आणि दुसऱ्या बाजूला कोण, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

५

तोच कारकून होता. मला बघून पुन्हा उजळला.

"तिसरं नाव काढा," मी म्हणाले.

"का हो? बरा झाला?"

"वारला."

त्याचं तोंड पडलं. माझ्या दुःखासाठी नाही. त्याचं एक नाव कमी होत होतं. "नक्की?" तो म्हणाला. हे विचारण्याची ही काय पद्धत, असं कोणी खरी विधवा म्हणाली असती.

"नक्की," मी म्हणाले.

त्याने रेघ मारली. पेनाचा करकर आवाज झाला, एवढंच. दोन माणसांचा पाव त्याने माझ्यापुढे सरकवला. मी रस्ता ओलांडला, आणि परतताना मला हलकं वाटत होतं. पायांत बळ आलं होतं. जिना मी न थांबता चढले.

सासूबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"त्याचं वाढ," त्या म्हणाल्या.

"आई, आज नाही."

"वाढ म्हणते ना."

"नाही आहे, आई. दोघींपुरतंच आहे."

खोलीत कोणी चालत नव्हतं. मग दाराच्या खालच्या बाजूला खसखस झाली. विजारीची गुंडाळी आत ओढली गेली, सावकाश, आणि फट मोकळी झाली.

त्या फटीतून बोटं बाहेर आली. चार बोटं, उजव्या हाताची, नखं काळी, सांधे फुगलेले. रोज मी बशी ठेवायची ती जागा त्यांनी चाचपली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली. मग आत गेली, आणि परत आली तेव्हा एका बोटाचं टोक ओलं होतं. ते टोक फरशीवर टेकून फिरू लागलं, चुरा सापडेल म्हणून. फटी-फटीतून. फार काळजीपूर्वक.

टेबलावर पाव होता. माझ्या हाताशी. सुरीही होती.

मी हलले नाही. वाढला तर तो राहील, राहिला तर चालेल, आणि रविवारी पोलेन्झबाई वर येतील, एवढंच मनात होतं. सासूबाईंनी तोंडावर पांघरूण घेतलं. ओलं बोट माझ्या बुटापर्यंत आलं, बुटाच्या टोकाला लागलं आणि थांबलं. त्याने मला ओळखलं असावं. ते मागे गेलं. ओढून घेतलं नाही, आपली चूक झाली म्हणून माणूस हात मागे घेतो तसं गेलं.

रविवारी पोलेन्झबाई दोघांना घेऊन आल्या. मी स्वतः खोलीचं दार उघडून दिलं. काचा संपूर्ण पांढऱ्या होत्या.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, आणि मला हाताला धरून मतदानाला घेऊन गेल्या.

६

मे महिन्यात वाट उघडली. ट्रक आले, वीज दिवसभर राहू लागली, लोक रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडले. सासूबाई वाचल्या. आमच्या इमारतीतून कोणी विकलं गेलं नाही, असं पोलेन्झबाई सगळ्यांना सांगत होत्या, आणि सांगताना माझ्या खांद्यावर हात ठेवत होत्या.

त्याच सुमारास एक माणूस आमच्याकडे आला. मात्शके त्याचं नाव. कैदेतून सुटून आला होता, अंगावर कापूस भरलेलं जाड जाकीट, आणि बसताना खुर्ची मोडेल की काय अशा बेताने बसला. एवाल्डच्या बराकीत होता म्हणाला. पत्ता पाठ करून आला होता. मी त्याच्यापुढे पाव ठेवला, पांढरा. तो बराच वेळ नुसता बघत राहिला.

"सांगायला आलोय, म्हणजे... तुम्हाला कळलं असेलच," तो म्हणाला.

"सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"हिवाळ्याच्या तोंडाला आमच्यातला तो सगळ्यात आधी जाणार, असं वाटत होतं. उभं राहवत नव्हतं. आणि मग एकदम सावरला हो. आपला पाव आम्हाला वाटून टाकायचा. घ्या रे, माझं जेवण झालंय, म्हणायचा. कुठे झालं, विचारलं तर हसायचा. घरी, म्हणायचा, बायको वाढते. आम्हाला वाटलं, डोकं फिरलं. असे फिरलेले पुष्कळ पाहिले होते. पण याचे गाल भरत होते. डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या वाटणीच्या पावावर मी जगलो, म्हणून इथे बसलोय."

सासूबाईंचे हात मांडीवर गप्प पडले होते.

"मग?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, कोण जाणे.

"मग एक दिवस आमच्याकडे मागायला आला. आज घरून काही आलं नाही, म्हणाला. आमचं खाऊन झालं होतं. काही शिल्लक नव्हतं हो, शपथेवर सांगतो. बर्फ पडायला लागलं होतं तेव्हा. त्यानंतर तो निजायच्या फळीवरून फारसा उठला नाही." त्याने पावाचा तुकडा तोंडात घातला आणि घोळवत राहिला. मग गिळून म्हणाला, "तुमच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलला नाही. आम्ही चिडवायचो, बायको विसरली वाटतं. तर म्हणायचा, तसं नाही रे. तिकडे कोंडलंय त्यांना. तिच्यापाशीच नसणार. असतं तर तिने दिलं असतं."

छपरावरून एक विमान गेलं. अजून जात होती अधूनमधून. मात्शकेने ते जाऊ दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसतं एका मित्रासाठी विचारायचं राहून गेलेलं विचारत होता.

"खरंच नव्हतं ना हो तेव्हा तुमच्याकडे काही?"

सासूबाई तिथेच होत्या, हाताच्या अंतरावर.

"नव्हतं," मी म्हणाले.

"तेच," तो म्हणाला. "तेच तो म्हणत होता."

सासूबाईंनी सुरी घेतली, पाव छातीशी धरला आणि कडेचा जाड काप कापून त्याच्या बशीत घातला.